हातांना काम : मुका टीव्ही, बारीक आवाजाचा संगणक

मुलांनो, या वेळच्या कामासाठी लागणारी मुख्य वस्तू कुठल्याही दुकानात नवी मिळणार नाही. मिळालीच तर ती माळ्यावर, जुन्या रद्दीच्या गठ्ठ्यांमागे मिळेल. काळी, चपटी, वहीपेक्षा थोडी लांब. वर कळा, मागच्या बाजूला चार-पाच भोकं. पडदा नाही, माउस नाही. पण ही वस्तू म्हणजे अख्खा संगणक बरं का! एक वायर टीव्हीला जोडायची, दुसरी कॅसेटच्या टेपरेकॉर्डरला, आणि वीज दिली की काम सुरू.

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या, सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या आजोबांनी १९८८ साली तिच्या बाबांसाठी असा संगणक आणला होता. नाव स्पेक्ट्रम प्लस. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला. ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांनी तपासून दिला आणि काय आश्चर्य, चालूही झाला! आता तिला तो शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचाय. अडचण एकच. त्याचा आवाज इतका बारीक, की कळांजवळ कान नेला तरच ऐकू यावा. आजोबांना तर हल्ली कमीच ऐकू येतं. नात संगणकावर 'सा' वाजवत होती आणि आजोबा विचारत होते, "कधी सुरू करणार?"

तिने यावर उपाय शोधलाय. संगणक उघडायचा, बाजूला एक भोक पाडायचं, तिथे स्पीकरचं सॉकेट बसवायचं. बाबा म्हणतात, भोक तर सोडच, मी त्याचा एक स्क्रूसुद्धा काढू देणार नाही. दोघांचं पटेना, म्हणून भांडण माझ्याकडे आलंय.

तर माझा निकाल असा : आवाज बाहेर काढायलाच हवा, आणि स्क्रूला हातही लावायचा नाही. दोन्ही एकदम जमतं. कसं ते पाहू.

आधी या संगणकाची थोडी ओळख करून घेऊ. इंग्लंडमध्ये सर क्लाइव्ह सिंक्लेअर नावाचे एक उद्योजक होते. १९४० साली जन्मले, २०२१ साली गेले. सामान्य माणसाला परवडेल असा संगणक करायचा हा त्यांचा ध्यास. त्यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' काढला. त्याच्या कळा रबरी होत्या. १९८४ च्या ऑक्टोबरात त्याचीच सुधारलेली, कडक कळांची आवृत्ती आली, ती स्पेक्ट्रम प्लस. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरचा परवाना घेऊन हाच संगणक 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. त्या काळात आपल्या बऱ्याच शाळांतही संगणक पहिल्यांदाच येत होते. १९८४ मध्ये भारत सरकारने 'क्लास' नावाची योजना सुरू केली आणि काही निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे संगणक दिले. म्हणजे शाळेत बीबीसी आणि एखाद्या हौशी घरात स्पेक्ट्रम, असा तो जमाना. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्यापैकी कोणी ना कोणी 'संगणकाच्या खोलीत' चपला बाहेर काढून गेलेलं असेल.

स्पेक्ट्रम प्लसची स्मरणशक्ती ४८ किलोबाइट. आजच्या फोनने काढलेला तीन एमबीचा एकच फोटो साठवायचा म्हटलं, तर असे ६४ संगणक लागतील. नाक मुरडू नका. एवढ्याशा जागेत लोकांनी खेळ लिहिले, हिशेब केले, गाणी वाजवली.

आता आवाजाकडे येऊ. आजच्या मुलांना पहिला प्रश्न पडतो तो हा, की टीव्ही जोडलाय, तर आवाज टीव्हीतून का येत नाही? उत्तर साधं आहे. स्पेक्ट्रम प्लस टीव्हीला फक्त चित्र पाठवतो. आवाज त्या वायरीतून जातच नाही. टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, तो मुकाच राहणार. आवाजासाठी संगणकाच्या पोटातच एक चिमुकला स्पीकर बसवलेला आहे. स्वस्त, हलका, रुपयाच्या नाण्याची आठवण करून देणारा. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या 'स्पेक्ट्रम १२८' मध्ये ही त्रुटी दूर झाली, त्यात तीन सूर एकदम वाजवणारी वेगळी चिप आली आणि आवाजही टीव्हीतून येऊ लागला. आपल्याकडे घरात सापडतो तो मात्र बहुतेक आधीचाच.

त्या चिमुकल्या स्पीकरला संगणक वाजवतो तरी कसा? इथे गंमत आहे. त्यात आवाजाची वेगळी चिप नाहीच! संगणकाचा मेंदू, म्हणजे झेड ८० नावाचा प्रोसेसर, स्वतःच एक खटका चालू-बंद करत बसतो. चालू केलं की स्पीकरचा पडदा एकीकडे सरकतो, बंद केलं की परत येतो. टक, टक, टक. हे टकटक पुरेशा वेगाने झालं की आपल्या कानाला ते वेगवेगळं ऐकू येत नाही, एक सलग सूर ऐकू येतो. आपल्या पेटीवरचा 'पांढरी एक' हा सूर घ्या. त्याची कंपनं सेकंदाला सुमारे २६२. एका कंपनासाठी खटका दोनदा हलवावा लागतो, एकदा चालू, एकदा बंद. म्हणजे सेकंदाला सुमारे ५२३ वेळा. या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देतं. आता भागाकार करा. दोन खटक्यांच्या मध्ये त्याला सुमारे ६,७०० ठोके नुसते मोजत थांबावं लागतं. ही मोजणी चुकली की सूर बेसूर! म्हणूनच 'बीप' ही आज्ञा दिली की सूर संपेपर्यंत संगणक दुसरं काहीही करत नाही. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजतं. आपणही डोळे मिटून तानपुरा जुळवताना कोणी हाक मारली तर 'ओ' देत नाही, तसंच.

तरीही हुशार मंडळींनी यातून वाट काढली. १९८३ च्या 'मॅनिक मायनर' या खेळात खेळ चालू असतानाच संगीत वाजतं. थोडं खेळणं, थोडी टकटक, पुन्हा थोडं खेळणं, असं आळीपाळीने इतक्या भराभर केलं, की दोन्ही एकदम चालल्यासारखं वाटतं.

आता ते भोक. संगणकाच्या मागच्या बाजूला पाहा. वीज आत घेण्याचं भोक, टीव्हीच्या वायरीचं भोक, आणि शिवाय दोन लहान गोल भोकं आहेत. एकाजवळ 'माइक' लिहिलंय, दुसऱ्याजवळ 'इयर'. ही दोन्ही टेपरेकॉर्डरसाठी. स्पेक्ट्रमला स्वतःची डिस्क नव्हती. लिहिलेला प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायचा. माइकच्या भोकातून तो बाहेर टेपकडे जायचा आणि इयरच्या भोकातून परत आत यायचा. कॅसेटवर प्रोग्राम म्हणजे काय असायचं? आवाजच! कर्कश, किरकिरा, कान किटवणारा आवाज. शून्यासाठी सेकंदाला सुमारे दोन हजार कंपनांची एक लाट, एकासाठी सुमारे एक हजार कंपनांची एक लाट. ज्यांच्या घरी असा संगणक होता ते आईबाबा आज चाळिशी-पन्नाशीत असतील. त्यांना विचारा, तो किर्रर्र आवाज आणि पडद्याच्या कडेला सरकणारे निळे-पिवळे पट्टे आठवतात का. चेहरा पाहा त्यांचा!

तर सांगायचं ते हे, की संगणक आपला आवाज बाहेर पाठवण्याची सोय मुळातच घेऊन आलाय. 'बीप'चा सूर आतल्या स्पीकरवर वाजतो, तेव्हाच तो माइक आणि इयर या दोन्ही भोकांतही येतो. इयरमध्ये जरा जोरात, माइकमध्ये जरा हळू. संगणकाबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकातही हे लिहिलेलं होतं : मोठा आवाज हवा असेल तर माइकच्या भोकातून अँप्लिफायर जोडा. पण माहितीपुस्तक वाचतो कोण! पहिल्यांदा हरवतं तेच.

आणि उघडायचं का नाही, त्याचं कारण केवळ भावनेचं नाही. कळांच्या खाली प्लॅस्टिकचा एक पातळ पडदा असतो. त्याला दोन चपट्या पट्ट्या जोडलेल्या असतात आणि त्या पट्ट्या आतल्या पाटीत खोचलेल्या असतात. तीस-चाळीस वर्षांत त्या वाळून पापडासारख्या होतात. झाकण उचललं की कट्‌कन तुटतात. मग कळा दाबून बोटं दुखली तरी पडद्यावर एक अक्षर उमटायचं नाही. बाबांना हे कारण माहीत होतं की नाही कोण जाणे, पण त्यांचं म्हणणं योग्य होतं.

जोडणीकडे वळण्याआधी विजेबद्दल बोलू. हा भाग पालकांनी वाचावा आणि स्वतः करावा, मुलांनी जवळ बसून पाहावा. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात, ते अडॅप्टरमधून येतात. घरात पडलेला दुसरा कुठलाही नऊ व्होल्टचा अडॅप्टर उचलून लावू नका. आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत मध्यभागी अधिक असतं आणि बाहेर उणे. स्पेक्ट्रमचं बरोबर उलटं, मध्ये उणे! पिन तंतोतंत बसते, म्हणून तर धोका. उलटी वीज गेली की आतल्या चिप जळू शकतात. मूळ अडॅप्टर असेल तर मल्टीमीटरने तपासा. काही जोडलेलं नसताना तो नऊपेक्षा बराच जास्त, बारा-तेरा व्होल्टसुद्धा दाखवील. जुन्या पद्धतीचा अडॅप्टर तसाच असतो, त्यात बिघाड नाही. पण वायरीचं कातडं चिरलं असेल, अडॅप्टरमधून वास येत असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि जुना डब्बा टीव्ही? त्याचं मागचं झाकण कोणीही, कुठल्याही कारणाने उघडायचं नाही. बंद केल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहते.

आता सर्वांत सोपा मार्ग. घरात संगणकाचे किंवा फोनला लावायचे, स्वतःचा अँप्लिफायर असलेले लहान स्पीकर असतील. ब्लूटूथच्या डब्यालाही बऱ्याचदा वायर लावायचं भोक असतं. दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर घ्या. एक टोक स्पीकरला, दुसरं माइकच्या भोकात. संपलं! एकच बारकावा आहे. पिनेच्या टोकाकडे पाहा, तिथे काळ्या रेषा दिसतील. दोन रेषा असतील तर ती डाव्या-उजव्या आवाजाची स्टीरिओ पिन. स्पेक्ट्रमचं भोक एका आवाजाचं, मोनो. त्यात स्टीरिओ पिन घातली तर बहुधा एकाच बाजूचा स्पीकर वाजेल. दोन्ही वाजायला हवे असतील तर एक रेषेची मोनो पिन आणि तिला जुळणारा जोड दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. जोडताना स्पीकरचा आवाज अगदी खाली ठेवा, मग हळूहळू चढवा. सुरुवातीलाच कानात हेडफोन घालून प्रयोग करू नका. चौकोनी लाटेचा हा आवाज धारदार असतो, कानठळ्या बसतील.

पण या सदराचं नाव 'हातांना काम' आहे. नुसती वायर खोचून कसं चालेल? अँप्लिफायरच आपण करू. तो नऊ व्होल्टच्या छोट्या चौकोनी बॅटरीवर चालतो. भिंतीतल्या विजेशी संबंध नाही, म्हणून आठवी-नववीच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करायला हरकत नाही. लहानांनी ब्रेडबोर्डवर, सोल्डरिंग न करता करावा.

लागणारं सामान : एलएम ३८६ नावाची आठ पायांची आयसी, दहा किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल, २२० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक, १० ओहमचा रेझिस्टन्स, बॅटरी आणि तिची टोपी, मोनो पिन लावलेली वायर, आणि आठ ओहमचा स्पीकर. स्पीकर नवा घेऊ नका. मोडक्या ट्रान्झिस्टर रेडिओचा काढा, जितका मोठा तितका बरा. बाकीचं सामान नाशकात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारा. नाहीच मिळालं, तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारं कोणी ना कोणी ओळखीचं असतंच. त्यांना ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. पुण्याला जाणाऱ्यांनी तपकीर गल्लीत डोकावावं. यादी कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलं तर आकडे बदलतात!

आयसीवर एका बाजूला खाच असते. खाच वर धरा. डावीकडचा सर्वांत वरचा पाय एक नंबरचा. तिथून खाली दोन, तीन, चार. मग उजवीकडे सर्वांत खालचा पाच आणि वर चढत सहा, सात, आठ. दोन आणि चार हे पाय बॅटरीच्या उण्याला. सहा नंबर बॅटरीच्या अधिकाला. व्हॉल्यूम कंट्रोलला तीन पाय असतात. कडेचा एक पाय संगणकाकडून येणाऱ्या वायरीच्या आतल्या तारेला, दुसऱ्या कडेचा उण्याला, आणि मधला पाय आयसीच्या तीन नंबरला. संगणकाच्या वायरीची बाहेरची जाळीही उण्यालाच. आता पाच नंबर, इथून आवाज बाहेर पडतो. त्याला २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचं अधिक टोक जोडा, उणे टोक स्पीकरच्या एका पायाला, आणि स्पीकरचा दुसरा पाय बॅटरीच्या उण्याला. शिवाय पाच नंबरपासून उण्यापर्यंत ०.०४७ चा कपॅसिटर आणि १० ओहमचा रेझिस्टन्स, एकामागे एक. हे दोघं नसले तरी आवाज येईल, पण कधीकधी अँप्लिफायर स्वतःच शिट्टी घालू लागतो, ती ते थांबवतात. एक, सात आणि आठ हे पाय रिकामे सोडा. अशा जोडणीत आयसी आवाजाची लाट वीसपट मोठी करते. आवाज तरीही कमी वाटला तर एक आणि आठच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, अधिक टोक एकला. मग ती दोनशेपट करते. खरखर मात्र तीही वाढते, तेव्हा आधी वीसपटच पाहा.

बॅटरी जोडण्याआधी अधिक-उणे दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही, शुद्धलेखनाच्या वहीत रोज अनुभव घेताच की!

झालं? आता संगणक सुरू करा. पडद्याच्या तळाशी कॉपीराइटची ओळ येईल. 'एक्स्टेंडेड मोड'ची कळ दाबून सोडा. मग 'सिंबॉल शिफ्ट' दाबून धरून 'झेड' दाबा. पडद्यावर बीप हा अख्खा शब्द एकदम उमटेल. स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षर-अक्षर लिहीत नाहीत, एका कळेत एक आज्ञा असते. पुढे लिहा १,० आणि एंटर दाबा. पहिला आकडा किती सेकंद, दुसरा कुठला सूर. शून्य म्हणजे पांढरी एक. पेटीवर बसलेल्यांना पुढचं सांगायला नको. प्रत्येक पुढच्या पट्टीला एक वाढवायचा, काळी धरून. पांढरी एक षड्ज मानला तर सा ०, रे २, ग ४, म ५, प ७, ध ९, नी ११ आणि वरचा सा १२. कोमल ग ३, तीव्र म ६. भूप वाजवायचाय? ०, २, ४, ७, ९, १२ असं चढा आणि तसंच उतरा. घरात कोणी भजनी मंडळात असेल तर बोलवा, पट्टी जुळते का तपासायला.

आणि पेटीला जमत नाही ते या डबीला जमतं! दुसरा आकडा अपूर्णांकातही चालतो. पेटीचा गंधार गवयाच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यांना ते कमी-जास्त करता येत नाही. याच तक्रारीवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती कितीतरी वर्षं टिकली. तुम्ही आधी बीप ३,४ वाजवा, मग बीप ३,३.८६ वाजवा. दुसरा गंधार तानपुऱ्याशी जास्त गोड जुळतो. आतल्या चिमुकल्या स्पीकरवर हा फरक कळणं कठीण, बाहेरच्या मोठ्या स्पीकरवर चटकन कळतो.

आजोबांसाठी एक सूचना. वय वाढलं की माणसाला बहुधा आधी उंच, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. खालचे, भरदार आवाज त्या मानाने टिकतात. संगणकातला चिमुकला स्पीकर नेमके खालचेच आवाज काढू शकत नाही. म्हणजे जे आजोबांना ऐकू येईल ते तो वाजवत नव्हता, आणि जे तो वाजवत होता ते आजोबांना ऐकू येत नव्हतं! तेव्हा त्यांच्यासाठी गाणं वाजवताना प्रत्येक आकड्यातून १२ वजा करा. ० च्या जागी -१२, ७ च्या जागी -५. एक सप्तक खाली. (वजाचं चिन्ह 'सिंबॉल शिफ्ट' धरून 'जे' दाबलं की येतं.) आणि स्पीकर नुसता टेबलावर ठेवू नका. पुठ्ठ्याच्या जाड खोक्याला स्पीकरएवढं भोक पाडा आणि त्यात बसवा. भोक पाडायची हौस तिथे भागवून घ्या.

टेपरेकॉर्डरही चालू असेल तर एक लक्षात ठेवा. प्रोग्राम कॅसेटवर साठवायचा असेल तेव्हा अँप्लिफायरची पिन काढून माइकमध्ये टेपची वायर लावायची आणि इयरची वायर काढून ठेवायची. दोन्ही वायरी एकदम राहिल्या तर कधीकधी आवाज गोल फिरत राहतो आणि कॅसेटवर भलतंच काही उमटतं.

शाळेत बीबीसी मायक्रो धूळ खात पडलेला असेल, तर त्याची गोष्ट निराळी. त्याच्यात आवाजाची वेगळी चिप आहे, तीन सूर आणि एक सळसळ असे चार आवाज ती एकदम काढते. पण स्पीकर आत आणि बाहेर तयार भोक नाही. तिथे झाकण उघडूनच वायर काढावी लागते. भिंतीतल्या विजेचा डबाही त्याच पेटीत असतो. म्हणून ते काम मुलांनी करायचं नाही, जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यायचं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, हे सांगायला नकोच.

आता या आठवड्याचा प्रयोग. बीप ५,० वाजवा. मग बीप ५,-१२. मग -२४, -३६, -४८ आणि शेवटी -६०. दर वेळी कंपनं निम्मी होत जातील. कुठल्या तरी पायरीला सूर फाटेल आणि त्याच्या जागी सुटी टकटक ऐकू येऊ लागेल, तोच प्रोसेसरचा खटका, आता एकेक करून. कुठल्या पायरीला तुम्हाला ते ऐकू आलं, आणि घरातल्या मोठ्यांना कुठल्या, ते लिहून ठेवा. दोन्ही आकडे सारखे येतीलच असं नाही. आणि बीप ५,-६० मध्ये पाच सेकंदांत एकूण टक किती? आधी वर दिलेल्या २६२ वरून गणित करा. मग फोनवर आवाज मुद्रित करा, निम्म्या किंवा पाव वेगाने ऐकत मोजा. दोन्ही आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा, बुधवारपर्यंत पोचतील असे. ज्यांच्याकडे स्पेक्ट्रम नाही त्यांनी नुसतं गणित पाठवलं तरी चालेल.